शिट्टी न मारणारा इन्व्हर्टर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, विजेच्या शास्त्रातला एक महान शोध नव्वदच्या दशकात ठाण्यात, कोलशेतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लागला होता. शोध असा: इन्व्हर्टर जितका किंचाळेल तितका दणकट. शोधक, आमचे मालक.

मशीन तयार झालं की साहेब पेटीला कान लावत. मीटरकडे ढुंकूनही बघत नसत. आतून टीऽऽ ऐकू आलं की डोळे मिटून म्हणत, "पॉवर आहे!" आम्ही माना डोलवायचो. मी जरा जास्तच. मी टेम्पररी होतो.

मग डोंबिवलीच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी मशीन परत करायची धमकी दिली. वीज गेली की आमचा इन्व्हर्टर सूर लावायचा आणि मुली तंबोरा सोडून त्याच्या मागे जायच्या.

"त्या बाईला पॉवरमधलं काय कळतंय?" साहेब म्हणाले. "पण मशीन परत आलं, तर तूही घरी."

आमचं मशीन विजेचे तुकडे अगदी समान अंतराने पाडायचं, म्हणून हार्मोनिकांचा, म्हणजे नको त्या लहरींचा, सगळा उपद्रव एकाच सुरात गोळा व्हायचा. टेंभी नाक्यावर हंडीखालची गर्दी एका ठेक्यात टाळ्या पिटते तेव्हा कान फाटतात. त्याच टाळ्या वेड्यावाकड्या पडल्या की नुसती सळसळ. मी चिपमध्ये तुकड्यांचं अंतर दर वेळी बदलतं ठेवलं. हार्मोनिक मेले नाहीत, पांगले.

"अंदाधुंद? माझ्या कारखान्यात?" साहेबांना शिस्तीचा झटका आला.

बाईंच्या खोलीत मात्र तेच छाती काढून म्हणाले, "डिझाइन माझं आहे." वीज गेल्यासारखं करायला मी मेन स्विच पाडला. इन्व्हर्टरमधून नुसता बारीक सुस्कारा. मुलींनी सा लावला, तो बरोब्बर तंबोऱ्यावर बसला. साहेब मशीनवर ओणवे झाले. डावा कान लावला, मग उजवा. चेहरा पडला.

"बंद पाडलंस ना, गाढवा? उद्यापासून येऊ नकोस!"

टकलावर तेल लावून चिकटवलेली त्यांची एकुलती एक बट तेव्हा वाऱ्याने उभी राहून डुलत होती. बाईंना राहवेना.

"अहो, डोक्यावर पंखा फिरतोय ना तुमच्या!"