रोबोच्या डोळ्यातलं काजळ

विज्ञान माणसाच्या मनातला मत्सर जाळून टाकतं आणि खरा विज्ञाननिष्ठ माणूस दुसऱ्याच्या यशाकडे निर्मळ कुतूहलानं पाहतो. हे वाक्य मी दर विज्ञान दिनाला प्रार्थनेनंतर म्हणते. मुलं जोरात टाळ्या वाजवतात, कारण हे माझं शेवटचं वाक्य असतं हे त्यांना पाठ आहे.

कोपरखैरण्याच्या एका अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि रोबोटिक्सचा संघही माझ्याकडे आहे. माझ्याकडे आहे म्हणजे प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे आहे. यंदाच्या मोसमातला खेळ असा होता: रोबोनं काळ्या रेषेवरून चालायचं, लाल आणि पिवळे चेंडू उचलायचे आणि रंग ओळखून वेगवेगळ्या क्रेटमध्ये टाकायचे. लाल म्हणजे कांदे, पिवळे म्हणजे लिंबं. वाशीच्या मार्केटवरून ही कल्पना सुचल्याचं आयोजकांनी उद्घाटनात सविस्तर सांगितलं. मार्केटमधल्या एखाद्या हमालाला बोलावलं असतं, तर भाषण संपायच्या आत त्यानं सगळे चेंडू भरून दिले असते. दीपप्रज्वलन रिमोटनं होणार होतं. शेवटी कॅन्टीनमधून काडेपेटी आणली.

पहिल्या फेरीत मला हेवा वाटला तो पामबीच रोडकडच्या एका बड्या शाळेच्या रोबोचा. काळाभोर, सगळे कोपरे गोलसर, एकही वायर बाहेर दिसत नव्हती. त्याला स्वतःची चाकांची बॅग होती आणि आत त्याच्या मापाचा फोमचा साचा. आमचा रोबो भाजीच्या पिशवीतून येतो, वर टॉवेल टाकून. पण हा हेवा सोसण्यासारखा होता. पैसा आहे, त्यांचं काय, असं म्हटलं की घरी जाऊन झोप लागते.

दुसऱ्या फेरीतल्या रोबोनं ती झोपही घालवली. तो द्रोणागिरीजवळच्या एका गावातल्या शाळेचा. अंगाला कळंबोलीच्या भंगारातला पत्रा, रंग दिलेला नाही, चालताना जरासा डावीकडे झुकणारा. आमची मुलं आधी हसली. मग तो चेंडूंपाशी गेला. आमच्या रोबोला पंजा होता. तो एकेक चेंडू पकडायचा आणि मनात आलं तर सोडायचा. त्यांनी पंजा केलाच नव्हता. खाडीत कोळंबी पकडतात तसली छोटी जाळी लावली होती. तिनं एकदम तीन चेंडू उपसले, मग जाळी थोडी कलंडली आणि चेंडू एकेक करून सेन्सरसमोरून घरंगळत गेले. मी पाच महिने मुलांना पंजा शिकवत होते. जाळी मला सुचली नव्हती. यात पैशाचं कारण सांगता येत नव्हतं, दुसरं कुठलं कारण मला नको होतं.

अंतिम फेरी नेरुळला एका कॉलेजात होती. पहिले दोन संघ राज्य पातळीवर जाणार. काळा रोबो पहिला येणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. उरलेली जागा जाळीला मिळणार की पंज्याला, एवढाच प्रश्न होता. आमची कॅप्टन नववीतली मुलगी. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, "दहावीला हे सगळं बंद. आता काय करायचंय ते करून घे." म्हणजे तिचा हा शेवटचा मोसम होता.

सरावाच्या टेबलापाशी मी त्या जाळीकडे बघत उभी राहिले. किती वेळ ते मला कळलं नाही, पण त्यांच्या संघातल्या एका मुलीची आजी सोबत आली होती, तिला कळलं.

"कवाची बगतेस गो बाय? नजर लावशील आमचे मशिनीला."

"छान आहे, म्हणून बघतेय, आजी."

"म्हनूनच त भ्याव वाटतं."

तिनं कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली आणि नातीला विचारलं, "याचा तोंड कुठं हाय?" नात बॅटरी बांधण्यात गुंतली होती. तिनं न बघता रंग ओळखायच्या सेन्सरकडे बोट केलं, "यो काय डोला." आजीनं डोळ्याखाली तीट लावली. अर्धी डोळ्यावर गेली.

सेन्सरवर काजळ म्हणजे पिवळा रंग काळवंडणार, म्हणजे लिंबं कांद्यात जाणार, म्हणजे आम्ही दुसरे. वर्गात मला इतक्या झटपट उत्तरं सुचत नाहीत. त्यांचं नाव पुकारायला दोन-तीन मिनिटं होती.

"बाई," आमची कॅप्टन म्हणाली, "त्यांच्या सेन्सरवर काजळ गेलंय."

"तू आपली बॅटरी चेक कर."

"केली."

"परत कर."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ त्यांच्या टेबलाकडे गेली. "ए, सेन्सर पुसा ना. सगळी लिंबं कांद्यात जातील."

"पुसाचा नाय!" आजी कडाडली.

"आजी, मागे लावा ना तीट, बॅटरीपाशी. आमच्या बाई मागूनच बघतायत."

आजी खदखदून हसली. माझ्याकडे बघत तिनं रोबोच्या पाठीवर रुपयाएवढी तीट लावली. नातीनं रुमालानं सेन्सर पुसला.

जाळीनं एकही लिंबू चुकवलं नाही. आमच्या पंज्यानं दोन सोडली. त्यातलं एक घरंगळत प्रमुख पाहुण्यांच्या बुटाशी जाऊन थांबलं आणि त्यांनी ते हसून परत दिलं. परत दिलेल्या चेंडूला गुण नसतात.

कॅप्टननं रोबो पिशवीत ठेवला, वर टॉवेल नीट खोचला. म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षीच्या मुलांना जाळीच करायला सांगा." मी हो म्हटलं. बसमध्ये ती खिडकीशी झोपली. मला जाळीचा हेवा वाटत होताच, आता हिचाही वाटायला लागला.

आठवड्याभरात मुख्याध्यापकांनी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लावला. त्यात मुख्याध्यापक सगळ्यांत मोठे, मग मी, मग मुलं, रोबो खाली कोपऱ्यात. वर सोनेरी अक्षरांत 'अंतिम फेरीत तृतीय क्रमांक'. कॅप्टनच्या वडिलांनी तिला त्याच्यासमोर उभं करून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचा दहावीचा क्लास सुरू झाला. विज्ञान दिनाला मी माझं वाक्य म्हटलं, टाळ्या झाल्या. फ्लेक्स अजून तिथंच आहे.

अंतिम फेरीत संघ तीन होते.