पातळ पाकिटाची शिकवणी

यांची कंबर दुखायला लागली तेव्हा आम्ही तेल लावलं, शेक दिला, गादीसुद्धा बदलली. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "मागच्या खिशात काय आहे?"

यांनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. जुनी बिलं, मुदत संपलेली कार्डं, कसल्या कसल्या चिठ्ठ्या. पाकीट कसलं, बोचकंच ते!

"यावर दिवसभर तिरके बसता तुम्ही," डॉक्टर हसत म्हणाले. "पातळ पाकीट घ्या."

बाजारात पातळ म्हणून मिळाली ती सगळी रेक्झिनची. मी शाळेत गणित शिकवते आणि तेव्हा मे महिन्याची सुट्टी चालू होती. म्हटलं, चामड्याचं पाकीट आपणच करून पाहू.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडमागे एक काका चपला आणि पिशव्या शिवतात. माझी पर्स त्यांनीच दोनदा दुरुस्त केली होती. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी देतो की शिवून, बाई. परवा या."

"नको, मला शिकायचंय."

"हात दुखतील."

"दुखू देत."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

मी घरून पुठ्ठ्याचे साचे कापून नेले होते, अगदी मिलिमीटरपर्यंत मोजून. बाहेरचा तुकडा आणि आतला तुकडा तंतोतंत सारखे. काकांनी साचे पाहिले आणि चामडं काढून दिलं. मी चार दिवस खपून पाकीट शिवलं, घडी घातली, तर ते मिटेचना. आतलं चामडं गोळा होऊन फुगलं आणि पाकीट आ वासून बसलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ध्यानात राहिलं असतं?" काकांनी चामड्याच्या दोन सारख्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून दुमडल्या. आतल्या पट्टीची टोकं बाहेर डोकावली. "बाहेरच्याला वळसा मोठा पडतो ओ. त्याला थोडं जास्त चामडं द्यायला हवं. तुम्ही गणिताच्या ना?"

त्रिज्या वाढली की परीघ वाढतो, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले होते! मी इतकी हसले की शेजारचा चहावाला बाहेर येऊन बघायला लागला.

दुसरं पाकीट मिटलं, पण कडेला जाड झालं, कारण तिथे चार थर एकत्र येत होते. मग काकांनी मला रापी धरायला शिकवलं. या रुंद पात्याच्या हत्याराने कड तिरकी तासायची, इतकी की चामडं कागदासारखं व्हावं, पण फाटू नये. माझं दर वेळी फाटायचं. त्यांनी उरलेल्या तुकड्यांची पिशवीच हातात दिली. "घरी तासा. उद्या दाखवा."

दुसऱ्या दिवशी स्टूलवर बसायच्या आत प्रश्न आला, "बाई, गृहपाठ केलात?"

आठवड्याभरात पातं कसं सरकवायचं ते हाताला कळलं. तासताना चामड्याची साल सलग, भुरभुरत सुटली की इतका आनंद व्हायचा! मग आरीने समान अंतरावर भोकं पाडली. मेण लावलेला एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जायच्या. शेवटी कडांना पाण्याचं बोट लावून लाकडाने घासत बसले. घासता घासता कड तुकतुकीत झाली.

हे तिसरं पाकीट काकांनी उघडलं, मिटलं, कडेवरून अंगठा फिरवला. तेवढ्यात मासळी विकून परतणारी एक बाई चप्पल न्यायला आली. तिने विचारलं, "काका, हे कुणी केलंन?"

"माझ्या विद्यार्थिनीनं," काका म्हणाले.

मला सगळे बाई म्हणतात. विद्यार्थिनी कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली असतील! मी लाजलेच चक्क.

घरी यांनी पाकीट खिशात घातलं, खुर्चीत बसून पाहिलं, उठले, पुन्हा बसले. "खिशात काही आहे असं वाटतच नाही गं!" मग चप्पल पायात सरकवली.

"कुठे निघालात?"

"ऑफिसात दाखवून येतो."

"अहो, आज रविवार आहे."

ते क्षणभर थांबले आणि तसेच शेजाऱ्यांची बेल वाजवायला गेले.