कुंडातल्या लाद्या

ऊना ट्रिफिट जलप्रयोगशाळेत लागली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि लागली ती लाकूड तासायला. धरण बांधायच्या आधी त्याची चाळीसपट लहान प्रतिकृती करायची, तिच्यावरून पाणी सोडायचं आणि काय होतं ते बघायचं, असा त्या काळचा रिवाज. टास्मानियातल्या निम्म्या धरणांचे सांडवे आधी हिच्या रंध्याखालून गेलेत, असं तिचा गुरू क्लॅरी ओल्डेकर न पितासुद्धा सांगायचा.

पण पाणी असं का वागतं, हे विचारलं की क्लॅरी म्हणायचा, “त्याची मर्जी!” ऊनाला तेवढ्यावर राहवेना. तिने नोकरी सांभाळून, टपालाने धडे मागवून, नऊ वर्षं गणित केलं. पुढे प्रयोगशाळेत संगणक आले तेव्हा त्यांच्यासमोर बसायला तिच्याइतकं लायक कुणी नव्हतं.

पाणी कसं चालतं याचं समीकरण दोनशे वर्षांपासून माणसाला ठाऊक आहे. पण सांडव्यावरून कोसळलेल्या पाण्यात इतके भोवरे असतात, की एकेकाचा माग काढायला जगातला कुठलाच संगणक पुरत नाही. म्हणून तोड काढली ती अशी: पाण्याच्या वेगाचे दोन भाग करायचे, एक सरासरी आणि दुसरा तिच्याभोवतीचा थरथराट. मग अख्ख्या समीकरणाचीच सरासरी घ्यायची. थरथराट कधी वर, कधी खाली, म्हणजे हिशेबातून गेलाच पाहिजे. पण तो सगळा जात नाही. दोन थरथराटांचा गुणाकार मागे उरतो, आणि त्याचं मोल किती ते समीकरण सांगत नाही. ते अंदाजाने भरावं लागतं. हा अंदाज कसा बांधायचा, यात ऊनाची तीस वर्षं गेली. कधी गणित चुकलं तर ते तिनेच पहिल्यांदा सांगितलं.

केस्ट्रल टियरच्या जुन्या धरणाचा सांडवा मोठा करायचं ठरलं, तेव्हा हिशेब ऊनाकडेच आला. सांडव्याच्या पायथ्याशी काँक्रीटच्या लाद्यांचं कुंड असतं, पाण्याचा जोर तिथे मोडतो. कुंडाखाली दोन कोसांवर टॅनर्स फोर्ड नावाचं चारशे वस्तीचं गाव. लाद्या साठ सेंटिमीटर जाडीच्या पुरतील का, हा प्रश्न होता.

“आकडे झकास आलेत,” प्रयोगशाळेचा प्रमुख नेव्हिल क्विलियम तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला. “प्रत्येक लादीवर पाणी वरून खाली दाबतंय. कर सही.”

“सरासरीने दाबतंय,” ऊना म्हणाली. “लादी सरासरीने उखडत नसते, नेव्हिल. एखाद्या क्षणी वरचा दाब हटतो, त्याच क्षणी फटीतून शिरलेला दाब खालून ढकलतो. तो क्षण माझ्या गणितात नाहीच. तो मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलाय.”

“अख्खं जग याच गणितावर चालतं.”

“चालू दे की. वर्षाची सरासरी काढली तर तुझा कुत्रापण चावत नाही. माझ्या पोटरीवरचे दोन दात दाखवू?”

नेव्हिल हसला नाही. “मग काय हवंय तुला?”

“प्रतिकृती. सुट्या लाद्यांची. काचेच्या पाटात.”

तो काचेचा पाट म्हणजे मोठ्या शेडमधली तीस मीटर लांबीची वाहती नाली. जूनअखेर ती मोडून तिथे संगणकांची खोली व्हायची होती. नेव्हिलने तेवढंच ऐकवलं आणि वर म्हणाला, “अहवालावर तू सही करणार नसशील तर मी करून धाडतो. तू जा, पाट मोडायचं काम बघ. आवडतं ना तुला लाकूडकाम?”

टोमणा तिला झोंबला. पण तिने त्याच्याकडून मोडण्याचा हुकूम लेखी मागून घेतला आणि दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं, तीस जूनपर्यंत मोडावा. आज सात तारीख होती.

“म्हणजे एकोणतीस तारखेपर्यंत तो माझ्या ताब्यात आहे,” ती म्हणाली.

“ऊना, शब्दांचे खेळ करू नकोस.”

“हुकूम तू लिहिलास. मी नुसता वाचते आहे.”

क्लॅरी तेव्हा चौऱ्याहत्तरीचा, दोन्ही गुडघे गेलेले. तिने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तो जुनी करवत आणि शिंपल्यांचं कालवण भरून भाजलेल्या चार मोठ्या करंज्या घेऊन शेडमध्ये हजर. दोघांनी सांडवा तासला. लाद्या ऊनाने सिमेंटच्या ओतल्या, दीड सेंटिमीटर जाडीच्या, वजन काट्यावर तोलून. बांधलेली एकही नाही. खऱ्या कुंडात सांधे असतात तशी प्रत्येकीत बारीक फट. काही लाद्यांत तिने दाबमापक बसवले. नेव्हिलने पंपाची किल्ली काढून घेतली, तेव्हा तिने हुकूम त्याच्यासमोर धरला: पाट मोडण्यापूर्वी पंप चालवून पूर्ण रिकामा करावा, असं त्याच्याच सहीने लिहिलेलं होतं. किल्ली परत आली.

चोवीस तारखेला तिने टॅनर्स फोर्डची पोस्टमास्तरीण डॉट पिअर्सल हिला बोलावलं. डॉट अकरा जणांना घेऊन आली, लोकरी टोप्या घालून, गमबूट चिखलाने भरलेले. धरणवाल्यांचा मुख्य अभियंताही आला. तो कुणाशी न बोलता काचेला नाक लावून उभा राहिला.

ऊनाने पाणी सोडलं. कुंडात पांढरा फेस उसळला, आवाजाने छत थरथरलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. लाद्या जागच्या जागी. गावकऱ्यांनी थर्मासातला चहा संपवला.

“झालं समाधान?” नेव्हिल मोठ्याने म्हणाला. “आता या लोकांना घरी जाऊ दे.”

“प्रतिकृतीत वेळ सहापट भरभर जातो. खऱ्या पुराचे हे दोनच तास झाले,” ऊना म्हणाली. “पूर काय दोन तासांनी तुला विचारून थांबतो?” लाद्या हलल्याच नाहीत तर, हा विचार तिलाही शिवून गेला. पण तिने तोटी बंद केली नाही.

सदतिसाव्या मिनिटाला तिसऱ्या ओळीतली एक लादी उडाली. हळूहळू सैल झाली, वाकली, असं काही नाही. पत्त्याच्या पानासारखी उभी राहिली आणि वाहून गेली. तिच्या जागच्या खड्ड्यातून पाणी शेजारणीच्या खाली घुसलं. पाच मिनिटांत सात लाद्या गेल्या आणि तळाची वाळू उकरली जाऊ लागली.

मग डॉट म्हणाली, “आमचं गाव याच्या खाली आहे, नाही का?”

“मापक बिघडले असतील!” नेव्हिल म्हणाला.

ऊनाने संगणकातून आत्ताच निघालेला कागद अभियंत्याच्या हातात दिला. “मापक चोख आहेत. सदतीस मिनिटांच्या दाबाची सरासरी काढलीय. माझ्या गणिताशी दोन टक्क्यांच्या आत जुळते. गणित बरोबर आहे, साहेब. लादी तरीही उडाली. आता याचा अर्थ तुम्हीच काय तो लावा.”

अभियंत्याने कागद खिशात घातला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं: “अहवाल मागे घ्या.”

लाद्या दुप्पट जाड ठरल्या, त्या खडकात पोलादी सळयांनी बांधायच्या आणि सांधे बंद करायचे, असंही ठरलं. नव्या अहवालाच्या पहिल्या पानावर ऊनाने एक वाक्य घातलं: हे गणित सरासरी सांगते, क्षणाचा झटका सांगत नाही, तो प्रयोगातून घेतला आहे. नेव्हिलला ते खुपलं. “गिऱ्हाईक घाबरतं अशाने. काढ ते.”

“मग माझं नावही काढ.”

वाक्य राहिलं. पाट मात्र राहिला नाही. तीस जूनला ऊनाने आणि क्लॅरीने तो स्वतःच स्क्रू काढून मोडला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काचा काढताना क्लॅरी रडला. ऊनाने त्याला रडू दिलं.

दोन वर्षांनी कुंड बांधून झालं. पाणी सोडायच्या आधी मंत्र्यांसाठी मांडव घातला होता, ऊनाला पुढच्या रांगेत खुर्ची होती. ती मांडवात गेलीच नाही. हातोडा घेऊन कोरड्या कुंडात उतरली आणि एकेक सांधा ठोकून ऐकत निघाली. तीन सांधे पोकळ वाजले, म्हणजे आत फट राहिली होती.

“बाई, पाहुणे येऊन बसलेत!” वरून कंत्राटदार ओरडला.

“बसू देत. भरायचा माल घेऊन माणूस पाठव.”

“आत्ता? कार्यक्रम झाल्यावर बघू!”

ऊना एका पोकळ सांध्यावर मांडी घालून बसली. “मी इथून उठल्याशिवाय तू पाणी सोडणार नाहीस,” ती म्हणाली, “आणि माल आल्याशिवाय मी उठणार नाही.”

मंत्र्यांचं भाषण दीड तास लांबलं. माल घेऊन कंत्राटदाराची गाडी एक तास दहा मिनिटांत आली.