फटीतून आलेले पाणी

दिनांक १४ जानेवारी २०२०, मंगळवार. बफेलो शहराजवळच्या टॅनर्स कोव्ह या सरोवराकाठच्या गावाच्या नगर मंडळाने ग्रेबर्ग गल्लीतील बर्नडिन ओल्शेव्स्की यांना लेखी कळवले, की सरोवराच्या संरक्षक भिंतीवर तांबड्या रंगाने फुटाफुटावर पाणी मोजायच्या रेघा ओढून त्यांनी सार्वजनिक मालमत्ता विद्रूप केली आहे. त्या रेघा खरवडून काढल्या आहेत. आणि लाटा भिंत ओलांडून येत असल्याने गल्लीतील आठही घरे राहण्यास अयोग्य ठरवण्याचा ठराव ११ फेब्रुवारीच्या सभेपुढे येईल. पत्राखाली सही होती, दिलगिरी नव्हती.

लाटा भिंत ओलांडत नव्हत्या. सात वर्षांपूर्वी होड्या उतरवण्यासाठी मंडळानेच भिंतीचा बारा फुटांचा तुकडा तोडला होता आणि तिथे बसवायचे लोखंडी दार आजतागायत आलेले नव्हते. पाणी त्या फटीतून येत होते. हे सिद्ध झाले असते तर मंडळाला दार बसवावे लागले असते. सिद्ध झाले नाही तर पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षे भट्टीसमोर उभे राहून बापाने उभारलेले घर बर्नडिनला सोडावे लागणार होते. मोजायच्या रेघा कोणाला खुपत होत्या, हे निराळे सांगायला नको.

बर्नडिन बावन्न वर्षांची. बफेलोच्या एका रुग्णालयात ती क्ष-किरणाची चित्रे काढीत असे. चित्र सुंदर आले काय, कुरूप आले काय, हाड मोडले आहे की नाही एवढेच त्याने सांगावे, अशी तिची शिस्त. वादळानंतर शहरातून माणसे येत आणि लाटांचे तुषार गोठून बर्फाने मढलेली ग्रेबर्ग गल्लीतील घरे कॅमेऱ्यात टिपून नेत. गेल्या हिवाळ्यात एक बाई तिला म्हणाली होती, “अगबाई, साखरेचं घर! आत कसं वाटतं हो?”

“दार उघडत नाही, असं वाटतं,” बर्नडिनने सांगितले होते.

पूर्वी जानेवारीत सरोवर गोठायचे आणि लाटांना आपोआप झाकण बसायचे. यंदा ते गोठलेच नाही. ६ फेब्रुवारीला सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि अख्ख्या सरोवराचे पाणी लोटीत या टोकाला आणू लागला. बर्नडिनने रजा टाकली. कॅमेरा तिने हिवाळाभर बाहेरच्या गार पडवीतच ठेवला होता. घराच्या उबेत आत-बाहेर केला की काचेवर वाफ धरते. भिंगापुढे लावायच्या साध्या काचा तिने खिशात घेतल्या. एक गोठली की काढायची, दुसरी लावायची.

मग तिने स्वयंपाकघरातल्या पाच पिवळ्या खुर्च्या एकेक करून बाहेर नेल्या. चार शाबूत भिंतीच्या मागे ठेवल्या, पाचवी फटीच्या मागे. प्रत्येकीजवळ लोखंडी खुंटी ठोकून तिला तारेने बांधले.

शेजारचे स्टॅशकाका दारात उभे राहून बघत होते. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ पंचविशीतली.

“पोरी, सरोवराला जेवायला बोलावलंयस की काय?”

“माप हवंय, काका. रेघा खरवडल्या त्यांनी.”

“आणि खुर्च्या उचलून नेल्या तर?”

“इथं? खुर्ची?”

स्टॅशकाका खदाखदा हसले. “खरंय बाई. तेवढी छाती कुणाची नाही.”

दुपारी एकच्या सुमारास वाऱ्याने कळस गाठला. शहरातले छायाचित्रकार रस्त्याकडेला गाड्या लावून हीच घटका टिपत होते आणि त्यांच्या हाती निव्वळ तुषारांचा पांढरा धुरळा लागत होता. भिंत दिसत नव्हती, फट दिसत नव्हती. बर्नडिन घराच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. कॅमेरा तिने पिशवीबाहेर काढलाच नाही.

“अगं, काढ की! सगळे काढतायत!” काका खिडकीतून ओरडले.

“सगळ्यांना लाट हवी आहे. मला पाणी हवंय.”

दोननंतर वारा फिरून पश्चिमेचा झाला, मंदावला आणि तुषार एकाएकी खाली बसले. लोक भिंगे पुसत गाड्यांकडे वळले. काहींनी जाता जाता बर्फाळ घरे टिपली. पण लोटून आणलेले पाणी लगेच परतत नाही. वीसेक मिनिटे ते चढलेलेच राहते. ही वीस मिनिटे बर्नडिनला जन्मापासून ठाऊक होती. ती आडोशातून बाहेर आली. दोन काचा गोठल्या, तिसरीवर काम झाले. कॅमेऱ्याच्या चौकटीत भिंतीचा माथा पाण्याच्या वर होता. चार खुर्च्या बर्फाच्या सालीत, पण जमिनीवर चारही पाय रोवून उभ्या होत्या. पाचवी बैठकीपर्यंत पाण्यात होती आणि फटीतून हिरवागार लोंढा आत घुसत होता. चित्र विलक्षण कुरूप होते.

११ तारखेच्या सभेत नगरप्रमुख क्रेग डेलाहंट यांनी ते बोटाच्या टोकाने सरकवले. हे गृहस्थ सहा वर्षांपूर्वी ॲरिझोनाच्या वाळवंटातून इथे आलेले. “बाई, खुर्ची काय, कुणीही उचलून कुठेही ठेवील.”

मग स्टॅशकाका काठी टेकत उठले.

“साहेब, या गावात कुणाची बायको पळवली तर लोक वर्षभरात विसरतात. पण बर्फ उपसून गाडीसाठी जागा केली आणि तिथं खुर्ची ठेवली, तर ती खुर्ची हलवणाऱ्याला सात पिढ्या माफी नाही. तुम्ही हलवून बघा एकदा. आम्ही सगळे बघायला येऊ.”

हशा पिकला. डेलाहंट यांचे कान लाल झाले. ठराव त्या दिवशी मंजूर करण्याचे धाडस त्यांना झाले नाही; त्यांनी तो १० मार्चपर्यंत पुढे ढकलला आणि सुनावले, की एकाच हितसंबंधी व्यक्तीचे चित्र पुरावा ठरत नाही, तिऱ्हाइतांची चित्रे आणा.

“मोडलेल्या हाडाची खात्री बहुमताने करत नाहीत,” बर्नडिन म्हणाली. “तरी आणते.”

तिने घर सोडलेले नाही. ठराव मंजूर झाला तरी सोडणार नाही, असे तिने लिहून दिले आहे.

तेव्हा वाचकहो, ६ फेब्रुवारीला दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान ग्रेबर्ग गल्लीतील बर्फाळ घरे तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी टिपली, त्यांनी आपली चित्रे पुन्हा उघडावीत. घरामागे फट आली असेल, तर ते चित्र, कितीही बिघडलेले असो, वेळेच्या नोंदीसह १० मार्चपूर्वी नगर मंडळाच्या कार्यालयात दाखल करा आणि त्याची सही-शिक्क्याची पोच घ्या.