ड्रमची साखळी

गरम हायड्रोलिक तेलाचा वास आला की माझ्या नाकात हळदीची धूळ जाते, आणि कुरुंद्याच्या आमच्या खळ्यावरचे सासू-सासरे दिसतात. लग्नानंतरचा माझा पहिलाच हंगाम होता. वाळलेली हळद घासायचा पत्र्याचा ड्रम तेव्हा हातानं फिरवायचा. एका हँडलला सासरे, समोरच्याला सासूबाई. घरात तोंडातून शब्द न काढणारे सासरे तिथं मात्र दिवसभर बोलत. त्या वर्षी सासूबाईंचा खांदा आखडला, म्हणून सासऱ्यांनी कुठूनशी जुनी हायड्रोलिक मोटर आणली, साखळीनं ड्रमला जोडली आणि ट्रॉली उचलायचे ट्रॅक्टरचे पाइप तिला लावले. लिव्हर ओढला तसा ड्रम गरगरा फिरायला लागला. सासरे हरखून काहीतरी सांगू लागले, पण ट्रॅक्टरच्या आवाजात त्यांचे नुसते ओठ हलत होते. पिवळ्या धुळीत उभ्या सासूबाई ओरडल्या, “बंद करा ते! तुमी काय बोलून राहिले, काईच ऐकू येईना.” सासऱ्यांनी ट्रॅक्टर बंद केला. “अगं, तुझ्या खांद्यासाठीच तर केलं ना हे!” “खांदा दुखू द्या. सालभरात तुमी माझ्यासंगं इथंच तर बोलता.” सासऱ्यांनी पाना घेऊन साखळी काढली आणि आपलं हँडल धरलं. आता दोघंही नाहीत. ड्रम ट्रॅक्टरवरच फिरतो. फक्त हंगामातला शेवटचा ड्रम भरला की माझा नवरा, मी न सांगता, साखळी काढतो आणि माझ्या समोरच्या हँडलला जाऊन उभा राहतो.