टीम फोटोतला ‘अनोळखी’ पिचर

मंडळी, अजून धडधडतंय, म्हणून लगेच लिहितेय.

मी इथे नॉर्थ कॅरोलिनात एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करते. आज आमच्या बेसबॉल टीमच्या इतिहासाचं प्रदर्शन उघडणार होतं. जुन्या फोटोंखालची नावं मीच लिहिली होती.

उद्घाटनाला दहा मिनिटं असताना काठी टेकत एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ आले. एका टीम फोटोसमोर थांबून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

हॉलमधले सगळे तिकडे वळले.

त्या फोटोत एकच कृष्णवर्णीय खेळाडू होता. जुन्या यादीत त्याचं नाव नव्हतं, म्हणून मी ‘अनोळखी’ लिहून मोकळी झाले होते. शोधायचे कष्टही घेतले नव्हते.

बॉस माझ्या कानाशी पुटपुटले, "आत्ता गप्प राहा. उद्या बदलू."

माझा व्हिसा याच नोकरीवर आहे. तरी पुढे झाले.

"सर, मी लिहिलं. चूक माझी आहे. तुम्ही ओळखता यांना?"

"मीच आहे तो. दोन सीझन पिचर होतो, बॉल टाकायचो."

मी पाटी काढली, मार्कर घेतला आणि स्पेलिंग विचारलं. त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. पाहुणे दारात ताटकळत होते, बॉस घड्याळ बघत होते. नवी पाटी लागल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "आता फोटो काढ. नातीला पाठवायचाय."

बॉस अजून माझ्याशी बोललेले नाहीत. सोमवारी मीटिंगला बोलावलंय.

खरं सांगा, तुम्ही उद्यापर्यंत थांबला असतात का?