आठव्या महिन्याची

सटाण्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली, तेव्हा वडील ट्रंक टपावर चढवत होते आणि आई खिडकीशी उभी होती. मी डॉक्टर झालेली, नवजात बाळांच्या उपचारांचं वेगळं शिक्षण घेतलेली, नोकरीवर निघालेली. तरी आईचं आपलं तेच. "सातवानी शे तू, जपीसन ऱ्हाय." सातव्या महिन्यात जन्मले म्हणून जपून राहायचं, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले होते. गाडी कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रखडत निघाली. मला वाटलं, दोन-अडीच तासांचा तर रस्ता, दर रविवारी येईन.

आपल्या गावचे तुम्ही सगळे, तिथेच राहिलेले आणि पुण्या-अमेरिकेला गेलेलेही, मला एकच विचारता: एवढ्या जवळ राहून येत का नाहीस? काय सांगू. नव्वदच्या दशकात आमच्या दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळांसाठी वेगळी खोलीच नव्हती. ती मी भांडून मिळवली. एक काचेची पेटी, एक सिस्टर, आणि लाइट गेली की आमची तारांबळ. आई आणि पोटातलं बाळ दोघांवर पहिल्यापासून एकत्र लक्ष ठेवायचं, हे पटवता पटवता सीनियर डॉक्टरांशी वाकडं आलं. पुढे खोलीचा वॉर्ड झाला, मॉनिटर आले, माझ्या हाताखाली डॉक्टर शिकू लागले, आणि लोक मला 'पायोनियर' म्हणू लागले. पायोनियर म्हणजे ज्याला सुट्टी नसते तो, एवढंच मला कळलं. रविवार काही आला नाही.

पण मला थकवलं ते कामाने नाही, एका समजुतीने. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. बाळ आठव्या महिन्यात झालं की घरचे हातपाय गाळायचे, घरी नेतो म्हणायचे. पोटात एक महिना जास्त राहिलेलं बाळ जास्त तगणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी वर्षानुवर्षं सांगत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आई डोळे तपासायला नाशिकला आली होती. घरी एकटीला करमेना, म्हणून माझ्या वॉर्डबाहेरच्या बाकावर येऊन बसायची. एक दिवस पेठ तालुक्याकडची एक आजी नातीला घरी न्यायचं म्हणून हटून बसली. पोरगी आठव्या महिन्याची, मूठभर, पण दूध ओढायला लागलेली. आत तिची आई रडत होती. "आठव्याचं नाय जगत, बाई. घरी तरी जाऊ दे तिला," आजी म्हणाली. घसा बसेपर्यंत समजावलं आणि शेवटी मी भिंतीला टेकले.

तेवढ्यात आई उठली. माझं मनगट धरून तिने मला आजीपुढे उभं केलं. "देख. हाई पोर बी आठवानीच शे."

आजीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाकावर बसून घेतलं. पोरगी राहिली.

मला वाटलं, आईने वेळ मारून नेली. घरी गेल्यावर विचारलं तर ती मान खाली घालून बोलली. पहिलटकरीण होती, लाजेपायी दिवस गेल्याचं सासरी एक महिना उशिरा कळवलेलं. मी लवकर झाले, तेव्हा सासरच्यांच्या हिशोबाने सातवाच होता. खरं एकट्या आईला ठाऊक, आणि ती गप्प बसली. आठवा कळला असता तर मला कोणी जवळ घेतलं नसतं. पुढे तेच निभावत जन्मभर मला सातव्याची म्हणत आली. मला तिचा राग आला आणि त्याच दमात रडूही फुटलं.

पेठची पोरगी अंगाने भरून घरी गेली. मग आईही निघाली. या वेळी खिडकीत ती आणि खाली मी. "जपीसन ऱ्हाय," म्हणाली. एवढंच. सातवानी म्हणाली नाही.

आता आई नाही, आणि गावच्या घराला कुलूप आहे. वॉर्डातून एखादी बाई पोर छातीशी धरून निघाली की माझ्या तोंडून आपसूक निघतं, "जपीसन ऱ्हाय." पेठ-सुरगाण्याकडच्या बाईला ही बोली निम्मीच कळते, ती हसते. मला मात्र तेवढ्यापुरतं घरी जाऊन आल्यासारखं वाटतं.